कोरड्या वाळूपर्यंत

चारकोप, कांदिवली
मंगळवार

प्रिय निलेश,

‘प्रिय’ लिहिलं आणि क्षणभर पेन थांबलं. खोडणार होते. पण तू जन्मलास तेव्हा आईने तुला सगळ्यांत आधी माझ्या मांडीवर दिलं होतं, त्यामुळे तू प्रिय आहेस याला आता इलाज नाही. बाकी या पत्रात गोड असं काही मिळायचं नाही, आधीच सांगते. फोन केला तर तू ‘अक्का, मीटिंगमध्ये आहे’ म्हणून कापतोस, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर काही लिहिलं की खाली दोन जोडलेले हात पाठवून मोकळा होतोस. म्हणून कागद घेतलाय. हे पक्षाच्या शाखेत उघडू नकोस. घरी बस, पंखा लाव आणि एकटा वाच. रागाने फेकलंस तर उठून पुन्हा उचल, कारण खरं सांगायचं ते शेवटी आहे.

मला खेळातलं काही कळत नाही, हे तू चारचौघांत इतकेदा सांगितलंयस की आता मलाही ते पाठ झालंय. बरोबरच आहे. माझं क्रिकेट म्हणजे आमच्या ह्यांच्याबरोबरचं. मॅच सुरू असताना जो जिथे बसलाय त्याने तिथून हलायचं नाही, हा आमच्या घरचा कायदा. मागे फायनलला मी कणीक मळता मळता स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभी होते आणि तेवढ्यात आपल्याला दोन विकेट मिळाल्या, तर ह्यांनी मला शेवटपर्यंत तिथेच उभं ठेवलं. हातावरची कणीक वाळून खडखडीत झाली. तरी हरलो ते हरलोच. मला वाटायचं, खेळ म्हणजे एवढंच असतं. ते तिकडे खेळतात, आपण इकडे ओरडतो, आणि हरलं की सगळ्या सोसायटीला कोणाला बाहेर बसवायला हवं होतं ते आधीपासून माहीत असतं.

मग तुझी मानसी आठवीत असताना पहाटेच्या पोहण्याच्या प्रॅक्टिससाठी माझ्याकडे झोपायला यायला लागली, आणि ही दुसरीच जमात मला कळली. ती मोबाइलवर काय काय दाखवायची. कोणी दोर न लावता उभा कडा चढतोय, कोणी वाळवंटात रात्रंदिवस पळतोय, कोणी बाई बर्फाच्या पाण्यात पोहतेय. मी म्हणायचे, यांच्या घरी विचारणारं कोणी नाही का गं? ती हसायची. मला खरंच कळायचं नाही. क्रिकेटवाल्यांना निदान टाळ्या तरी असतात. या लोकांना बघायला कुत्रं नसतं. मग जीव धोक्यात घालायचा कोणासाठी? मला तर साधं घाटकोपरला लग्नाला जायचं म्हटलं तरी अंगावर काटा येतो.

कोणासाठी ते मला डिसेंबरात कळलं, होडीत. ते तुला सांगते, कारण तू होडीत नव्हतास. तू वर्सोव्याला मंडप बांधत होतास.

पहाटे वसईच्या किनाऱ्यावर तिच्या कोचनी, विद्याधर सरांनी, तिच्या अंगाला ग्रीस चोपडलं. काखेत, मानेला, मांड्यांना. मी नारळ वाहिला. वर्सोव्यापर्यंत पोहत जायचं म्हणून ती पाण्यात शिरली आणि आम्ही तिघं होडीतून तिच्या बाजूने निघालो. सर, मी आणि नोंद ठेवणारी ती निरीक्षक मुलगी, गंधाली. पहिले दोन तास मला गंमत वाटली. मग मला उलट्या झाल्या. मग ऊन आलं. सर दोरीला बाटली बांधून पाण्यात सोडायचे, ती उताणी होऊन चार घोट प्यायची, केळ्याचा एक तुकडा गालात धरायची आणि पुन्हा उपडी. होडीला बोट लावायचं नाही. जेलीफिशने तिचा डावा दंड पेटवला तेव्हा ती पाण्यातच आईगं करून ओरडली, मी होडीतून वाकून हात पुढे केला, आणि गंधालीने मला खांद्याला धरून मागे ओढलं. मनोरीच्या खाडीपाशी तर शहराची सगळी घाण वाहत होती. पिशव्या, चपला, निर्माल्य, तेलाचा तवंग. त्यातून तुझी पोर तोंड उघडून श्वास घेत होती.

आणि मढच्या जवळ पाणी फिरलं. किनाऱ्यावर एक वाकडं ताडाचं झाड होतं. मी ते पाहिलं, देवाचं नाव घेतलं, परत पाहिलं तर झाड तिथेच. पुन्हा खूप वेळाने पाहिलं, तरी तिथेच. ती हात मारतेय, मारतेय, आणि ते मेलं झाड हलत नाही. मला रडू फुटलं. सरांनी विचारलं, वर घ्यायचं का? तिने तोंड वर करून आधी मला विचारलं, आत्या, तू ठीक आहेस ना? मला! उलट्या करणाऱ्या म्हातारीला! बघायला कोणी नाही, टाळ्या नाहीत, झाड पुढे सरकत नाही, तरी हात मारायचा. तेव्हा मला कळलं की हे लोक कोणासाठीच करत नाहीत रे. म्हणूनच ते आपल्या कुणाच्या बापाचं नसतं. तुझंही नाही.

आता तुझ्या साहेबांबद्दल. मी राजकारणावर बोलत नाही, कारण आपल्या घरात ते जेवणाच्या ताटावर बसतं आणि मग कोणी जेवत नाही. पण एवढं विचारते. या देशात कबड्डीची संघटना कोणाकडे? पुढाऱ्याकडे. कुस्तीची? पुढाऱ्याकडे. कॅरमची, मल्लखांबाची, गल्लीतल्या अंडरआर्म क्रिकेटची? ज्या माणसाला दिंडोशीच्या शाखेचे तीन जिने चढताना दोन पोरांचा आधार लागतो, तो जलतरण संघटनेचा प्रमुख सल्लागार कसा? आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच. मानसी चार वर्षं पालिकेच्या तलावात पहाटे काकडत उतरत होती तेव्हा हा नागोबा कुठे होता? तलावावरचे गरम पाण्याचे नळ दुरुस्त करा म्हणून पोरांनी अर्ज दिला, तेव्हा कुठे होता?

आणि ते होर्डिंग! सिग्नलजवळचं. साहेब एवढे मोठे की त्यांच्या नाकपुडीत कबुतर बसेल. बाजूला त्यांचे चिरंजीव, खाली तुम्ही सगळे निष्ठावंत ओळीने, तू डावीकडून तिसरा, डोळे अर्धे मिटलेले. आणि कोपऱ्यात, पोस्टाच्या तिकिटाएवढी, ‘विक्रमवीर कन्या’. समुद्र पोहून आलेल्या मुलीचा फोटो कुठला, तर हळदीकुंकवातला! नऊवारी, नथ आणि हातात वाण. पोहण्याच्या कपड्यातला फोटो बरा दिसत नाही, असं तूच म्हणालास म्हणे. ज्या अंगाने ती पोहली ते अंग तुम्हाला बरं दिसत नाही, आणि विक्रम मात्र हवा. मी रिक्षा थांबवून ते होर्डिंग बघत उभी राहिले. रिक्षावाला म्हणाला, मावशी, नातेवाईक आहेत का? मी नाही म्हणाले.

असो. वर्सोवा.

विद्याधर सरांनी नियम तुला माझ्याच घरी, माझ्याच डायनिंग टेबलवर सांगितला होता. मी पोहे वाढत होते. पाण्यात शिरल्यापासून कोरड्या वाळूवर उभी राहीपर्यंत तिला कोणी हात लावायचा नाही. ती पडली तरी चालेल, रांगत आली तरी चालेल, पण पायाला पाणी लागत नाही तिथपर्यंत स्वतःची स्वतः यायला हवी. कोणी नुसतं बोट लावलं तरी सगळं रद्द. तू हसून म्हणालास, म्हणजे सोवळ्यातच की, शिवायचं नाही. सगळे हसले होते. तेव्हा ‘मला नियम ठाऊक नव्हता’ हे तू जगाला सांग, मला सांगू नकोस.

आमची होडी उथळ पाण्यात येईना म्हणून थांबली. गंधाली लहान पडावात बसून मानसीच्या मागोमाग गेली, आणि जाताना तिची दुर्बीण माझ्या हातात देऊन गेली. किनाऱ्यावर तुझा मंडप दिसत होता, झेंडे दिसत होते, बेंजोचा आवाज येत होता. मानसी गुडघाभर पाण्यात उभी राहिली. दिवसभर आडवं राहिलेलं शरीर, पाय कुठले धरतात! ती बसली. उठली. पुन्हा पडली आणि मग हातांवर, गुडघ्यांवर रांगायला लागली. एक लाट पाठीवरून गेली तरी रांगतच होती. कोरडी वाळू समोर होती, आपल्या जुन्या चाळीतल्या खोलीच्या लांबीएवढी दूर असेल नसेल. आणि तू बूट-मोज्यांसकट पाण्यात धावलास, तिला काखेत धरून उचललंस आणि नेऊन साहेबांसमोर उभी केलीस. साहेबांनी हार घातला. ढोल वाजले. गंधालीने पडावातच वहीत ‘अपूर्ण’ असं लिहिलं.

त्यानंतर जे झालं ते सगळ्यांना माहीत आहे. तुझी पोरं गंधालीच्या अंगावर गेली, दोन पावलांसाठी कशाला रडता मॅडम म्हणून. तूही गेलास. आणि मानसी, जिला धड उभं राहता येत नव्हतं, ती मध्ये येऊन म्हणाली की मॅडमनी बरोबर लिहिलंय. शाखेतल्या सत्काराला ती गेली नाही. वर्तमानपत्रवाल्याने फोन केला तर तिने सरळ सांगून टाकलं की माझं पोहणं पूर्ण झालेलं नाही, विक्रम वगैरे काही नाही. तू तिला काय काय बोललास ते तुझ्या बायकोने, अक्षताने, मला रडत रडत सांगितलं. घराची अब्रू घालवलीस म्हणालास. निवडणूक तोंडावर आणि पोरीने तोंडघशी पाडलं म्हणालास. त्या दिवसापासून ती माझ्याकडे राहते. आणि तिकीट? साहेबांच्या भाच्याला गेलं. झकास! मला आनंद झाला नाही, खोटं कशाला बोलू, थोडा झाला.

पण माझा राग त्याचा नाही, निलेश. पोरगी रांगताना बघून कुठल्याही बापाचं भान सुटेल. तेवढंच असतं तर मी तुझ्या पाठीवर धपाटा घालून तुला जवळ घेतलं असतं. तो व्हिडिओ आहे ना, मागे करुण गाणं लावलेला, ‘बापाचं काळीज’ म्हणून सगळीकडे फिरलेला? तूच स्टेटसला किती दिवस ठेवला होतास? अख्ख्या मुंबईने तो पाहिला. आमच्या मजल्यावरच्या बायकांनी माझ्यासमोर डोळे पुसले. तो व्हिडिओ तू पाण्यात शिरलास तिथून सुरू होतो. त्याच्या आधीचं तुझं कोणी काढलेलं नाही, कारण सगळे मानसीकडे बघत होते.

मी फक्त तिच्याकडे बघत नव्हते. मी दुर्बीण तुझ्यावर धरली होती. मला तुझा चेहरा बघायचा होता. म्हटलं, माझ्या भावाच्या आयुष्यात एवढा मोठा दिवस पुन्हा यायचा नाही, तो कसा दिसतो ते तरी डोळे भरून बघू. म्हणून मला दिसलं. ती पहिल्यांदा पडली तेव्हा तू हलला नाहीस. दोन्ही मुठी छातीशी धरून उभा होतास, ओठ हलत होते, तिला उठ उठ म्हणत असशील. ती दुसऱ्यांदा पडली तेव्हाही जागेवरच होतास. तुला नियम पक्का आठवत होता. मग साहेबांनी घड्याळ पाहिलं. त्यांना सांताक्रूझला विमान गाठायचं होतं, हे नंतर तुझ्याच पोरांनी सांगितलं. तू वळून त्यांच्याकडे बघितलंस, ‘आणू का?’ असं विचारणारा चेहरा करून. त्यांनी मान हलवली. आणि मग तू धावलास.

तू पोरीसाठी धावला नाहीस रे. तू विमानासाठी धावलास.

तीन महिने मी हे गिळून बसलेय. ह्यांनाही सांगितलेलं नाही. आणि मानसीला तर नाहीच, कारण त्या वेड्या पोरीने तो व्हिडिओ जपून ठेवलाय. तू तिला नाही नाही ते बोललास, तरी ती अजून तो बघते. मला म्हणते, आत्या, बाबांचं चुकलं, पण त्यांना राहवलं नाही गं. त्यांना मी पडलेली बघवली नाही. तिच्या डोळ्यांत पाणी येतं आणि मी स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी आपटते. तुझ्या बाजूने तिच्याकडे एवढी एकच गोष्ट उरलीय, आणि ती खोटी आहे. ती मी तिच्याकडून कशी काढून घेऊ? तुला घरात चार शिव्या हासडल्या असत्या तर सोपं झालं असतं. हे असं गप्प बसून तुझं नाव राखायचं म्हणजे मला रोज सकाळी चहाबरोबर विष घेतल्यासारखं वाटतं.

तुला गावची विहीर आठवते? मे महिन्यात बाबा आपल्या पाठीला असोले नारळ बांधून पाण्यात सोडायचे. तू सात-आठ वर्षांचा असशील, तुझी दोरी सुटली आणि नारळ एकीकडे, तू एकीकडे. मी किंचाळले, आई धावत आली. बाबा काठावर हात मागे बांधून उभे होते. तू खाली गेलास, वर आलास, पुन्हा गेलास. आई त्यांच्या पाठीवर बुक्क्या मारत होती. ते हलले नाहीत. तू हातपाय मारत पायरीला लागलास तेव्हा त्यांनी फक्त विचारलं, ‘बुडलंस तर बुडलंस, वर येवक येता मा तुका?’ नंतर मी त्यांचे हात पाहिले. एका हाताने दुसऱ्या हाताचं मनगट इतकं घट्ट धरलं होतं की नखांचे वळ उठले होते. आयुष्यभर गिरणीत आठ-आठ तास उभा राहणारा माणूस, त्या दिवशी संध्याकाळी त्याला भाकरी मोडता येत नव्हती. काळीज त्याला म्हणतात. त्याचा व्हिडिओ निघत नाही.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. येत्या रविवारी मानसी पुन्हा पोहणार आहे, त्याच वाटेने, वसईहून वर्सोव्याला. कोणाला सांगू नका असं तिने बजावलं होतं, पण अक्षताला सांगितल्याशिवाय तिला राहवलं नाही, आणि अक्षताच्या पोटात काही राहत नाही. काल संध्याकाळी तुझ्या शाखेतला सम्यक मला मार्केटमध्ये भेटला आणि आनंदाने म्हणाला, आत्या, रविवारी वर्सोव्याला मंडप पडतोय, साहेब या वेळी वेळ काढून येतायत. मी भाजी न घेता तशीच परत फिरले. घरी आले तर मानसी म्हणाली, आत्या, बाबांना तूच बोलाव ना. माझा फोन ते उचलणार नाहीत, आणि ते समोर दिसले तर मला शेवटचं अंतर जमेल. मी हो म्हणाले. म्हणून हे बोलावणं आहे, आणि ते माझं नाही, तिचं आहे. मंडप आजच्या आज रद्द कर. साहेबांना काय सांगायचं ते तुझं तू बघ, एवढी वर्षं त्यांना खोटं बोलायला मदत केलीस, एकदा त्यांच्याशी खोटं बोल. एकटा ये. ती पाण्यातून उभी राहील, पडेल, रांगेल. मी होडीत असेन आणि दुर्बीण पुन्हा तुझ्यावरच असेल. तू कोरड्या वाळूवर हात मागे बांधून उभा राहा. ती रडली तरी, तिने बाबा म्हणून हाक मारली तरी. आणि ती तुझ्यापर्यंत येऊन उभी राहिली की मग हात सोड. तेवढं केलंस, तर त्या व्हिडिओतलं खोटं मी तुझ्यासाठी मरेपर्यंत खरं म्हणून सांगेन.

दुर्बिणीतून तुझाच चेहरा शोधणारी,
तुझीच,
रुक्मीअक्का